पाटाकडचं दार

शेडामागच्या ओल्या मातीत पाऊल उमटलेलं दिसलं, त्याच सकाळी घर बांधायचं ठरलं.

ईशूला कडेवर घेऊन पूजा हौदावर पाणी आणायला गेली होती. हौदाखालच्या चिखलात वाटीएवढा ठसा. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. ह्यात नखं नव्हती. तिनं लेकीचं डोकं खांद्यात दाबून धरलं आणि पाठ न वळवता, एकेक पाऊल मागं घेत ती शेडात आली. कडी लावली. "मम्मी, पानी?" ईशू म्हणाली, तेव्हा कुठं तिला बादली हौदावरच राहिल्याचं कळलं.

तिचा नवरा अमृत गुजरातेत रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. फोन उचलला तेव्हा मागं मशीनचा आवाज चालू होता.

"फोटो पाठव," तो म्हणाला. तिनं पाठवला. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. आता मशीन बंद होतं.

"बिबट्याच हाय. आता पत्र्यात न्हाई राहायचं. घरच बांधू."

"तुमी या ना."

"मी येऊन काय करू? हितलं काम सुटलं तर घर कशावर उभं राहणार? चांगला ठेकेदार बघू. सगळं तोच करंल. तू निस्ता चहा द्यायचा."

वाटणीत गावातलं घर थोरल्या अंगदकडं गेलं होतं. सासू-सासरे, बनुबाई आणि आप्पासाहेब, तिथंच राहिले. अमृतच्या वाट्याला पाटाजवळचा हा तुकडा आला. तिथं घाईघाईनं पत्र्याचं शेड ठोकलं, आणि ईशू रांगायला लागली तसा अमृत कामावर निघून गेला. पूर्वेला शेजारच्या आदिनाथचा ऊस, मागं उत्तरेला ह्यांचा स्वतःचा, पश्चिमेला राहात्याच्या कुणा व्यापाऱ्याचा. यंदा तोड लांबली होती. ऊस शेडापेक्षा उंच गेला होता. वारा सुटला की तिन्ही बाजूंनी एकदम सळसळायचं आणि वारा पडला की इतकं गप्प व्हायचं, की चुलीवरच्या दुधानं साय धरल्याचा आवाजही यावा.

मोकळी होती ती एकच बाजू, दक्षिणेची. तिकडं पाट, आणि पाटाच्या भरावावरून जाणारी कच्ची वाट. शेडाला कुणी दिशा विचारली नव्हती, म्हणून त्याचं दार त्या वाटेकडं निघालं होतं. पूजा त्याच दारात बसून तांदूळ निवडायची, ईशूला भरवायची, तिच्या डोक्याला तेल लावायची. सकाळी पेरू तोडणाऱ्या बायकांचा टेम्पो जायचा. त्यांची मुकादम छबूबाई पुढच्या फाळक्याला धरून उभी असायची. ती लांबूनच ओरडायची,

"पूजे, जित्ती हाईस का गं?"

"हाय, हाय!"

"खाल्लं न्हाई का अजून तुला वाघानं?"

"त्याला बी हितं करमंना, गेला असंल!"

बायका हसायच्या. तेवढ्यात टेम्पो पुढं गेलेला असायचा. संध्याकाळपर्यंत मोठ्या माणसाशी झालेलं तिचं बोलणं म्हणजे तेवढंच.

घराचा विषय निघाल्यापासून तिच्या मनात एकच होतं. बाकी खोल्या कशाही निघू देत, दार पाटाकडं हवं.

पहिला ठेकेदार शिर्डीहून आला. तिकडं त्यानं हॉटेलं बांधलेली. त्याची पांढरी गाडी पाटाच्या वळणावर मातीत रुतली, म्हणून तो चालत आला आणि आल्याआल्या बूट दगडावर आपटू लागला.

"घरात कोण हाय?"

"मी हाय."

"तसं न्हाई, माणूस कोण हाय?"

पूजानं अमृतला व्हिडिओ कॉल लावून दिला. मग ठेकेदार खुलला. "नमस्कार साहेब! प्लॉट दाखवतो तुमाला. वैनी, जरा वर धरा. आजून वर. आता डावीकडं. हां, आता हलू नका."

ती हात वर करून उभी राहिली. ठेकेदार टेप धरून चालायचा आणि तिच्या हातातल्या मोबाईलशी बोलायचा. काचेची रेलिंग, पुढं पोर्च, वरच्या बाजूला फुलाची डिझाईन. तिचा खांदा भरून आला. ईशू गाऊन ओढत होती. हात बदलावा म्हटलं तर, "अहो वैनी, साहेबांना आभाळ दिसतंय निस्तं!"

"दार हिकडं काढा," पूजा मधेच म्हणाली. "पाटाकडं."

ठेकेदारानं तिच्याकडं पाहिलं नाही. मोबाईलकडं बघून हसला. "ऐकलं का साहेब? मॅडमना दक्षिणेला दार पाहिजेल."

मोबाईलमधून अमृतही हसला. "तिचं राहू द्या. पूर्वेलाच धरा."

आपण धरलेल्या यंत्रातून आपल्याच नवऱ्याचं हसू आपल्याच अंगावर यावं, हे तिला नवीन होतं. तिनं हात खाली घेतला. "नेटवर्क गेलं," म्हणाली.

शिर्डीचा भाव अमृतला झेपला नाही. मग आप्पांनी कादर मिस्तरीचं नाव काढलं. कादर शेजारच्या गावचा. अंगदच्या घरावरचा मजला त्यानंच चढवला होता, मारुतीचा सभामंडपही त्याचाच. तो आला तेव्हा आप्पा आणि बनुबाई आधीच शेडात येऊन बसले होते. कादरनं चप्पल बाहेर काढली, खिशातून दोरा काढला, जागा सगळ्या बाजूंनी फिरून पाहिली. पूजानं चहा पुढं केला, आणि कप त्याच्या हातात असतानाच बोलून घेतलं.

"मिस्तरी, दार पाटाकडं काढायचं हाय."

बनुबाईचा कप बशीवर वाजला. "काय म्हनलीस?"

"हिकडं माणसं दिसत्यात, आत्याबाई. पूर्वेला निस्ता ऊस हाय. दार उघडलं की ऊस."

"दक्षिण यमाची दिशा असती! त्यो तिकडं मशीनवर जीव धोक्यात घालतोय, आन हिला माणसं बघायचीत. नवऱ्याच्या जिवावर उठलीस काय गं?"

आप्पा खाली मान घालून बशीतला चहा फुंकत राहिले. पिऊन झाल्यावर म्हणाले, "तोंड पूर्वेलाच हुईल. त्यात बोलायचं काय."

कादर निघाला तशी पूजा वाटेपर्यंत त्याच्या गाडीमागं गेली. "मिस्तरी, तुमी सांगितलं तर आप्पा ऐकतील. बांधकामातलं तुमालाच कळतंय."

कादर गाडीवर बसला होता, तो पुन्हा उतरला. त्यानं एकदा शेडाकडं पाहिलं.

"ताई, तुमचं खोटं न्हाई. बांधायला मला काय, कुणीकडं बी दार निघतंय. पण मी मुसलमान माणूस. उद्या तुमच्या मालकाला तिकडं काटा जरी मोडला, तरी गाव म्हणंल, कादरनं दक्षिणेला दार काढलं म्हणून झालं. मारुतीचा मंडप केला तवा शिडी घसरून एक जण पडला, तर चार महिने माझ्याकडं बघून कुजबुजत हुते. मला ह्याच गावांतनं कामं करायचीत." मग पुन्हा गाडीवर बसत म्हणाला, "रागावू नका."

"न्हाई रागावत," ती म्हणाली. त्याच्यावर रागावण्यासारखं खरंच काही नव्हतं. ती भरावावर उभी राहिली. त्याच्या गाडीचा आवाज ऊस पार करून जाईपर्यंत तिथंच होती.

त्या दिवशी दुपारी ईशू झोपल्यावर तिनं खुरप्याच्या टोकानं जमिनीवर घर काढलं. पूर्वेच्या रेघेत दाराएवढी फट सोडली आणि तिथं बसून पाहिलं. हात लांब केला असता तर उसाचं पान लागलं असतं. फोनवर तिनं अमृतला तेच सांगितलं. तो दमलेला होता. "बाई, आप्पा म्हणत्यात तसं होऊ दे. घर हुतंय ते बघ ना. किती जणींना पक्कं घर मिळतंय?" तेही खरंच होतं. खरं असलेल्या गोष्टी सगळ्या त्याच्या बाजूनंच होत्या.

सुपारीचा दिवस आप्पांनी कॅलेंडरात बघून काढला. शुक्रवार. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत मिस्तरीच्या हातात इसाराची नोट आणि सुपारी ठेवली, की काम त्याचं झालं. मग दुसरा कुणी मधे येत नाही, आणि मिस्तरीलाही शब्द फिरवता येत नाही. कादर म्हणाला होता, "जुम्मा हाय आप्पा, नमाज झाली की येतो." आप्पांनी त्यातलं 'येतो' तेवढं ऐकलं आणि सकाळी न्याहारी करून आले. अंगदनं त्यांना गाडीवरून शेडापाशी सोडलं. "मोटरचं काम हाय राहात्याला, नंतर न्यायला येतो," म्हणून तो गेलाही.

आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. सुपारी सदऱ्याच्या वरच्या खिशात. पूजानं लाल खुर्ची झटकून दिली. ती त्यांनी स्वतःच उचलून पूर्वेला नेली.

"बघू तरी दारातनं कसं दिसतंय."

बसले. समोर ऊस.

"आदिनाथचा ऊस लई वाढलाय," थोड्या वेळानं म्हणाले. "तोड झाली की मोकळं दिसंल."

"खोडवा राहतोच की, आप्पा. पुन्हा वाढतोय."

"हां. वाढतोय."

ती भाकरी थापायला बसली. आप्पांनी खोकून पाहिलं. टोपी काढली, घातली. शेडाच्या कडेला सिमेंटची रिकामी गोणी होती, तिच्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. गावात ते मारुतीच्या पारावर बसायचे. तिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण "काय आप्पा" म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही. इथं त्यांनी ईशूला गोष्ट सांगायला घेतली. कोल्हा विहिरीपाशी येईपर्यंत ईशू झोपली.

मग त्यांनी मोबाईल काढला. "काय न्हाई, सहज केला," पूजाला ऐकू आलं. "काय चाललंय? ... बरं, बरं, कर काम." दुसरा नंबर. "काय न्हाई रं, सहज." तिसरा उचललाच गेला नाही.

उन्हं चढली. कादरचा फोन आला तेव्हा आप्पांनी तो स्पीकरवर ठेवला. पलीकडं मिक्सरची घरघर आणि माणसांचा आरडाओरडा.

"आप्पा, स्लॅब चालू हाय. मिक्सर बंद पडला हुता, आत्ता सुरू झालाय. नमाज बी हितंच कोपऱ्यात उरकली. अर्धा स्लॅब टाकून उठता येत न्हाई, सांधा राहतोय, उद्या गळंल. दिवस मावळायच्या आत येतो, पण टाइम लागंल."

"आरं, मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं तर खरं, आप्पा. जुम्म्यानंतर म्हणून."

अंगदची मोटर उघडून ठेवलेली होती; तो संध्याकाळशिवाय येत नव्हता. चालत गाव गाठायचा तर दिवस मावळायच्या आत परत येणं व्हायचं नाही. आप्पा अडकले.

जेवण झालं. खुर्ची जागा बदलत फिरली. पश्चिमेला गेली, तिथून आप्पा उठून आले. "निस्ता ऊस हाय तिकडं बी." मागं जाऊन आले. पूजानं भांडी घासली, कपडे वाळत घातले, ईशूला न्हाऊ घातलं, हौदात पाणी सोडलं, डाळ पाखडली. आप्पा तिच्याकडं बघत होते. म्हातारं माणूस सारखं बघतंय म्हणून ती आधी अवघडली. मग तिच्या लक्षात आलं, की त्यांना बघायला दुसरं काही हलतच नव्हतं.

दुपार कलली तेव्हा खुर्ची शेडाच्या दारात होती, पाटाकडं तोंड करून.

वाटेनं दूधवाला आला. दोन्ही बाजूंना किटल्या, गाडी भरधाव. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. हात वर केला. "ए! कुणाचा रं तू?"

दूधवाल्यानं नुसती मान हलवली आणि गेला. आप्पांचा हात वरच राहिला. पूजानं पटकन सुपाकडं नजर वळवली. थोड्या वेळानं आप्पांनी त्याच हातानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं, जणू हात त्यासाठीच वर नेला होता.

"पूजे."

"जी, आप्पा."

"दिवसभर काय करती गं तू?"

"काम असतंय की."

"काम न्हाई म्हनत मी. बोलती कुणाशी?"

"ईशूशी बोलते. फोन आला तर ह्यांच्याशी."

"आन?"

तिनं सुपातला एक खडा बाहेर टाकला. "परवा हौदाशी बोलले."

आप्पा हसले नाहीत. "काय बोललीस?"

"भर लवकर, म्हनलं. पोरगी उठंल."

पाटाला पाणी नव्हतं. तळाशी हिरवं डबकं होतं, त्यावर एक बगळा. दोघंही त्या बगळ्याकडं बघत राहिले. तो उडून गेल्यावर बघायला पाट उरला.

कादर आला तेव्हा ऊन उसाच्या शेंड्यांवर होतं. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर सिमेंट बसलेलं. पाय चिरा पडून राख फासल्यासारखे झालेले. "माफ करा, आप्पा. स्लॅब पुरा करूनच निघालो." पूजानं पाणी दिलं. त्यानं आधी तोंडावर मारलं, मग उरलेलं प्यायला.

आप्पा खुर्चीतून उठले नाहीत. पाटाकडं बघतच म्हणाले, "मिस्तरी, तोंड पूर्वेलाच."

"व्हय, आप्पा."

शेडात पीठ मळणारा पूजाचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"आग्नेयेला सैपाकघर येतंय ना?"

"येतंय."

"त्याला हिकडनं, पाटाकडनं एक दार काढ."

कादरनं ओला हात सदऱ्याला पुसला. "मागचं दार?"

"मागचं म्हन. तुला म्हनायचं ते म्हन."

"मागच्या दाराला दिशेचं कुणी विचारत न्हाई. काढू."

"आन बाहेर ओटा. चांगला रुंद धर. चार माणसं बसली पाहिजेत."

"भांड्यांसाठी ना?"

"भांडी घासायला चार माणसं लागत्यात का रं?" आप्पा चिडून म्हणाले. "बसायला."

"न्हाई, म्हनलं हितं कोण येतंय बसायला," कादर सहज बोलून गेला.

आप्पांनी खिशातली सुपारी काढली, नोटेवर ठेवली, कादरच्या ओंजळीत दिली. पूजाला अमृतला फोन लावायला सांगितलं. त्यानंही बघायला पाहिजे. तिनं पिठाचा हात पुसून मोबाईल धरला. सुपारी देऊन झाल्यावर तिनं तो वळवला.

"हे काय दाखवतीस?" अमृत म्हणाला. "निस्ता पाटच दिसतोय."

"हां, पाटच."

"त्यात काय हाय?"

"एक दार होणार हाय हितं."

"दार पूर्वेला ना?"

"ते बी हाय," ती म्हणाली. त्याला पुढं काही विचारायचं होतं, पण तिकडं कुणीतरी हाक मारली.

अंगद आला. आप्पा गाडीवर बसले. पूजा पाया पडली तर म्हणाले, "दिवा लावून ठेव. पोरीला अंधाराचं बाहेर काढू नको." आणखी काही बोलतील असं वाटलं. गाडी निघाली. ओट्याविषयी गावात बनुबाईला काय सांगायचं, ह्याचा ते विचार करत असावेत.

सकाळी कादरनं आखणी केली. दोरे ताणून चुन्याची पांढरी फक्की सोडली, दारांच्या ठिकाणी रेघ तोडली, पूर्वेला मोठी, पाटाकडं लहान. पाया खोदायला मशीन सांगतो म्हणून तो गेला. छबूबाईचा टेम्पो आला नाही. पेरूची तोड पाटापलीकडच्या बागांत सरकली होती. पूजा लहान फटीत जाऊन बसली. ईशू फक्कीत बोटं घालून आपल्या पायांवर रेघा मारत होती.

वाटेवर एक माणूस थांबला. अनोळखी. पाठीला फवारणीचा पंप, गाडीचं हॅण्डल एका हातात.

"ताई, आदिनाथरावांची वस्ती कुठली?"

"सरळ जावा," पूजा उठून म्हणाली. "पुढं पाटावरची मोरी लागंल, तिथं वळू नका, सगळे तिथंच चुकत्यात. लिंबाचं झाड लागंल, त्याच्या पुढनं उजवीकडं. कुत्रं अंगावर येतंय पण चावत न्हाई. आदिनाथभाऊ आत्ता धार काढत असतील, हाक मोठ्यानं मारावी लागती. त्यांच्या आईला ऐकायला कमी येतंय. आन येताना तिकडच्या बांधानं येऊ नका, वलं हाय तिथं..."

तो माणूस थोडा चकित होऊन बघत होता. ती थांबली.

"बरं," तो म्हणाला. मग फक्कीकडं पाहून, वाटसरू विचारतात तसं त्यानं विचारलं, "घर बांधताय व्हय?"

"व्हय."

"तोंड कुणीकडं काढलंय?"

पूजानं पूर्वेकडं एकदा पाहिलं.

"हिकडं," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली, पंप पाठीवर नीट घेतला, किक मारली. पूजा घाईघाईनं आणखी काही बोलायला सुचतंय का, ते शोधत होती.